डिसॅबिलिटी पेन्शनचा अर्ज न्यायाधिकरणाने फेटाळला : आता सर्वोच्च न्यायालय की उच्च न्यायालय?

कोरेगावकर

नमस्कार. माझे वडील भूदलातून नाईक या पदावरून २००४ साली सेवामुक्त झाले. १९८७ मध्ये भरती होताना ते पूर्ण तंदुरुस्त होते आणि भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कोणताही आजार नोंदलेला नाही. काश्मीरमध्ये कुपवाडा भागातील दहशतवादविरोधी तैनाती संपवून त्यांची पलटण शांतता क्षेत्रात आली आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्यांना उच्च रक्तदाब असल्याचे निदान झाले. पुढे त्यांची मेडिकल कॅटेगरी कायमची खाली आली. त्या कॅटेगरीला योग्य असे काम युनिटमध्ये उपलब्ध नाही, या कारणावरून नोकरीची मुदत पुरी होण्याआधीच त्यांना घरी पाठवण्यात आले. रिलीज मेडिकल बोर्डाने अपंगत्व ३० टक्के धरले, परंतु ते लष्करी सेवेमुळे उद्भवलेलेही नाही आणि सेवेमुळे वाढलेलेही नाही, असा शेरा मारला. त्यामुळे वडिलांना सेवेचे पेन्शन मिळते, मात्र अपंगत्वाचा भाग कधीच मिळाला नाही.

त्या वेळी वडिलांनी दाद मागणारे पत्र पाठवले होते. त्याला नकार आला आणि पुढे कोठे जायचे हे सांगणारे कोणी नव्हते. अखेर २०२१ मध्ये आम्ही सशस्त्र दल न्यायाधिकरणात, म्हणजे एएफटीत, अर्ज दाखल केला. तो आता फेटाळला गेला आहे. निकाल लागून महिना उलटला असून प्रमाणित प्रत गेल्या आठवड्यात हाती आली.

निकाल चार पानांचा आहे. इतक्या वर्षांच्या विलंबाचे समाधानकारक स्पष्टीकरण दिलेले नाही, असे त्यात म्हटले आहे. मेडिकल बोर्ड हे तज्ज्ञांचे मंडळ असल्याने त्याच्या मतात हस्तक्षेप करण्याचे कारण नाही आणि आजार शांतता क्षेत्रात सुरू झाल्यामुळे त्याचा सेवेशी संबंध जोडता येत नाही, हीही कारणे दिली आहेत. कुपवाड्याच्या तैनातीचा उल्लेख निकालात कोठेही नाही. शिवाय वडील नोकरीची मुदत पूर्ण करून निवृत्त झाले, असे एका परिच्छेदात लिहिले आहे, जे वस्तुस्थितीला धरून नाही.

माझे प्रश्न असे. या निकालाविरुद्ध अपील नेमके कोठे होते? आमच्या ओळखीचे एक वकील थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागेल असे म्हणतात, दुसरे म्हणतात की मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे संविधानाच्या आधारे आदेशाला आव्हान देणारी याचिका, करता येते. मुदत किती असते? आणि अपिलात सगळे प्रकरण नव्याने ऐकले जाते का? वडिलांचे वय आणि प्रकृती पाहता चुकीच्या दारात जाऊन आणखी काही वर्षे घालवण्याची आमची तयारी नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वकील, पुणे

मी सेवाविषयक प्रकरणे चालवतो. आपण निकालातील कारणे नीट मांडली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आपले दोन्ही परिचित वकील आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांच्या सल्ल्यातील फरक कायद्याच्या गेल्या काही वर्षांच्या वाटचालीतून आलेला आहे.

सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा २००७ चा. त्याच्या कलम ३० नुसार न्यायाधिकरणाच्या अंतिम आदेशाविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयात होते. मात्र हा सरसकट हक्क नाही, कारण हे कलम पुढच्या कलम ३१ च्या अधीन आहे. कलम ३१ असे सांगते की अपिलासाठी आधी न्यायाधिकरणाचीच परवानगी मागावी लागते आणि प्रकरणात सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा गुंतलेला आहे असे न्यायाधिकरणाने प्रमाणित केले तरच ती परवानगी मिळते. ती नाकारली गेली, तर सर्वोच्च न्यायालयाकडे परवानगीचा अर्ज करता येतो आणि हा मुद्दा आपण विचारात घ्यायला हवा असे त्या न्यायालयाला वाटले तर अपील दाखल होते. न्यायाधिकरणाकडे परवानगी मागण्याची मुदत निकालाच्या तारखेपासून ३० दिवसांची आहे आणि त्यांनी नकार दिल्यावर सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्यासाठी पुन्हा ३० दिवस मिळतात. कलम ३० मधील ९० दिवसांचा आकडा पाहून अनेक जण निर्धास्त राहतात, तसे राहू नये. न्यायाधिकरणाकडे परवानगी न मागता थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही, हे ब्रिगेडियर पी. एस. गिल यांच्या प्रकरणात २०१२ मध्ये स्पष्ट झाले आहे.

इतर न्यायाधिकरणांच्या बाबतीत संविधानाच्या अनुच्छेद १३६ खाली विशेष अनुमती याचिका हा मार्ग खुला असतो. सैन्यदलांशी संबंधित कायद्याखाली स्थापन झालेल्या न्यायालयांना आणि न्यायाधिकरणांना मात्र त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने त्यातून वगळले आहे. म्हणून कलम ३१ चा अरुंद दरवाजा बंद झाला की सर्वसामान्य सैनिकाला वरचे न्यायालयच उरत नसे. एका नाईकाच्या पेन्शनमध्ये सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा बहुतेक वेळा नसतो. त्याच्यावर अन्याय झालेला असतो, पण तो त्याच्या एकट्याच्या प्रकरणातील तथ्यांमुळे झालेला असतो.

उच्च न्यायालयाचा मार्ग येथे महत्त्वाचा ठरतो. अनुच्छेद २२६ खालील न्यायिक पुनर्विलोकनाचा अधिकार हा संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, हे एल. चंद्रकुमार प्रकरणात १९९७ मध्येच ठरले होते. तरीही २०१५ मध्ये मेजर जनरल श्रीकांत शर्मा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे मत दिले की कायद्याने अपिलाची सोय केलेली असताना एएफटीच्या आदेशांविरुद्ध उच्च न्यायालयांनी रिट याचिका ऐकू नयेत. त्यानंतर कित्येक वर्षे उच्च न्यायालये अशा याचिका परत पाठवत राहिली. आपल्या पहिल्या परिचितांचा सल्ला त्या काळातला असावा. २१ मार्च २०२३ रोजी भारत सरकार विरुद्ध परशोत्तम दास या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे मत बाजूला सारले आणि न्यायाधिकरणाच्या आदेशांविरुद्ध अनुच्छेद २२६ खालील उच्च न्यायालयाच्या अधिकारावर बंधन नाही, हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. म्हणजे आज आपण मुंबई उच्च न्यायालयात, द्विसदस्यीय खंडपीठासमोर, रिट याचिका करू शकता. अनुच्छेद २२७ चा आधार मात्र घेऊ नये, कारण त्यातील देखरेखीच्या अधिकारातून सैन्यदलांशी संबंधित न्यायाधिकरणे त्याच अनुच्छेदाच्या चौथ्या खंडाने वगळलेली आहेत. या मार्गाचा आणखी एक फायदा असा की उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला, तर त्याविरुद्ध अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयात जाता येते, कारण तेव्हा आव्हान उच्च न्यायालयाच्या निकालाला असते.

आपला तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रिट याचिकेत प्रकरण नव्याने ऐकले जात नाही. उच्च न्यायालय पुरावा पुन्हा तोलत बसत नाही. न्यायाधिकरणाने बंधनकारक निकाल दुर्लक्षित केले का, कागदावर असलेली निर्णायक गोष्ट विचारातच घेतली नाही का, लागू असलेला नियम सोडून भलताच निकष लावला का, एवढेच ते पाहते. म्हणून याचिकेत वडिलांची संपूर्ण कहाणी पुन्हा सांगण्यापेक्षा निकालातील प्रत्येक कारणासमोर त्यातला दोष दाखवावा.

विलंबाच्या कारणापासून सुरुवात करू. भारत सरकार विरुद्ध तरसेम सिंग हा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आपल्या प्रकरणाशी फार जवळचा आहे. तो सैनिक १९८३ मध्ये वैद्यकीय कारणावरून बाहेर पडला आणि १९९९ मध्ये उच्च न्यायालयात गेला. पेन्शन न मिळणे हा दर महिन्याला नव्याने घडणारा अन्याय असल्यामुळे केवळ उशिराच्या कारणावरून दावा फेटाळता येत नाही, थकबाकी मात्र साधारणपणे याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच द्यावी, असे तेथे ठरले. आपल्या वडिलांच्या बाबतीत याचा अर्थ असा की २००४ पासूनची थकबाकी मिळेल अशी आशा ठेवू नये, परंतु पूर्ण दावाच उशिरामुळे बुडाला हे न्यायाधिकरणाचे म्हणणे टिकणे कठीण आहे.

मेडिकल बोर्डाच्या मताबद्दल धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार हा २०१३ चा निकाल पायाभूत मानला जातो. सैनिक २००८ पूर्वी सेवामुक्त झाला असेल तर त्याला १९८२ चे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे अपंगत्व पेन्शनची पात्रता ठरवणारे नियम, लागू होतात, आणि त्या नियमांप्रमाणे भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती तो सेवाकाळात उद्भवला असे सामान्यतः धरले जाते, सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नसतो आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा असतो. भरतीच्या वेळी आजार ओळखता येणे शक्य नव्हते असे बोर्डाचे मत असेल, तर त्याने कारणे नोंदवायला हवीत. २०२५ मधील राजुमोन टी. एम. प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने कारणे न देणाऱ्या वैद्यकीय मताला महत्त्व देण्यास नकार दिला आहे. आपल्या बोर्डाच्या कागदात ‘सेवेशी संबंध नाही’ या शब्दांपलीकडे काही लिहिलेले आहे का, हे तपासावे. नसेल, तर याचिकेचा तो कणा होईल.

दुसरी बाजूही आपल्याला माहीत असावी. सरकारी वकील सर्वोच्च न्यायालयाचा नरसिंग यादव प्रकरणातील २०१९ चा निकाल दाखवतील. त्यात स्किझोफ्रेनियासारखा आजार भरतीच्या नेहमीच्या तपासणीत कळून येत नाही, म्हणून केवळ नोंद नसल्यामुळे तो सेवेमुळे झाला असे आपोआप मानता येणार नाही, असे म्हटले आहे. प्रत्येक प्रकरण त्याच्या तथ्यांवर ठरते आणि आपले बळ कुपवाड्याच्या तैनातीत आहे.

निकालाचा शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचून येथे कळवावे. निकाल जाहीर होतानाच वकिलांनी अपिलाची परवानगी तोंडी मागितली आणि ती नाकारली, अशी नोंद पुष्कळ निकालांच्या अखेरीस असते. ती असेल तर मुदतीचा हिशोब बदलतो.

निवृत्त सुभेदार, सिग्नल्स

वकील साहेबांनी कायद्याची बाजू विस्ताराने सांगितली आहे, मी कागदपत्रांविषयी लिहितो, कारण आमच्या माजी सैनिक मेळाव्यांत अशी प्रकरणे कागद अपुरे असल्यामुळे अडलेली मी नेहमी पाहतो.

आपल्या वडिलांचे रिलीज मेडिकल बोर्ड एएफएमएसएफ-१६ या फॉर्मवर झाले असेल. त्याच्या पहिल्या भागात सैनिकाने स्वतः दिलेला सेवेचा तपशील असतो. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो कोठे होता आणि ते ठिकाण शांतता क्षेत्र होते की फील्ड (प्रत्यक्ष मोहिमेचा किंवा सीमेवरचा भाग), हे तेथे ‘पी’ आणि ‘एफ’ या अक्षरांनी नोंदतात. त्या फॉर्मवर कुपवाड्यासमोर ‘एफ’ लिहिलेले असेल, तर ही माहिती बोर्डासमोर होती आणि तरीही विचारात घेतली गेली नाही, हे आपल्याला सैन्याच्याच कागदाने दाखवता येईल. हा फॉर्म आपल्या मूळ अर्जाला जोडला होता की नाही, हे आज रात्रीच पाहावे.

दुसरा कागद म्हणजे एएफएमएसएफ-१५, जो कॅटेगरी खाली आणताना आणि नंतर प्रत्येक फेरतपासणीच्या वेळी भरला जातो. आजार प्रथम केव्हा जाणवला, ही नोंद त्यात सापडते. निदान शांतता क्षेत्रातील रुग्णालयात झाले म्हणून आजारही तेथेच सुरू झाला, असे बोर्डे फार सहज लिहून जातात. फील्डमध्ये चौकीवर असलेल्या जवानाचा रक्तदाब रोज कोण मोजतो? तो खाली येतो, वार्षिक तपासणी होते आणि तेव्हा आकडा दिसतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी संरक्षण मंत्रालयाची २००२ ची मार्गदर्शिका आहे. फील्ड, अति उंचावरील प्रदेश किंवा दहशतवादविरोधी मोहिमेच्या भागात सेवा करताना उच्च रक्तदाब सुरू झाला तर तो सेवेमुळे वाढल्याचे मान्य करावे, असे तिचे धोरण आहे. म्हणून सुरुवातीची तारीख हा आपल्या लढ्याचा गाभा आहे.

आपण लिहिले आहे की योग्य काम नाही म्हणून वडिलांना मुदतीआधी घरी पाठवले. वकील साहेब अधिक सांगतील, पण माझ्या माहितीप्रमाणे १९८२ च्या नियमांतील चौथा नियम नेमका अशा जवानांसाठी आहे. खालच्या कॅटेगरीतील ज्या जेसीओला (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरला) किंवा जवानाला पर्यायी काम देता आले नाही म्हणून सोडले, त्याला वैद्यकीय कारणावरून बाहेर काढले असेच मानायचे आहे. मुदत पूर्ण करून निवृत्त झाले असे न्यायाधिकरणाने लिहिले असेल, तर ते खोडून काढण्यासाठी डिस्चार्ज बुक, शीट रोल (सेवेचा नोंदपट) आणि सेवामुक्तीची पार्ट टू ऑर्डर (युनिटचा नोंदीचा आदेश) हे तीन कागद पुरेसे आहेत. डिस्चार्ज बुकात सेवामुक्तीचे कारण आणि ज्या नियमाखाली सोडले तो नियम, दोन्ही लिहिलेले असतात.

जे कागद घरी नाहीत ते वडिलांच्या सहीने माहिती अधिकाराखाली रेकॉर्ड ऑफिसकडे मागावेत. फी १० रुपये आहे आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. अर्जात ‘सर्व कागदपत्रे’ असे मोघम न लिहिता प्रत्येक फॉर्मचे नाव, सेनेचा क्रमांक आणि वर्ष लिहावे. मात्र कागद येण्याची वाट पाहत न्यायालयाचे काम थांबवू नये.

आणखी एक विनंती. अशा वेळी कोणी तरी सांगतो की मंत्र्यांना पत्र लिहा, तक्रार पोर्टलवर नोंदवा, त्याचे उत्तर आले की मग पाहू. पत्र जरूर लिहावे, पण त्याने मुदत थांबत नाही.

सैनिककन्या

माझ्या आईच्या कुटुंब पेन्शनच्या प्रकरणात आम्हीही एएफटीत हरलो होतो आणि २०२३ च्या निकालानंतर उच्च न्यायालयात गेलो, म्हणून अनुभवाच्या दोन गोष्टी लिहिते.

आमच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत मूळ अर्जाची संपूर्ण संचिका मागितली. अर्ज, त्याची सर्व जोडपत्रे, सरकारचे उत्तर, आमचे प्रत्युत्तर आणि प्रत्येक तारखेचा आदेश त्यांना हवा होता. जुन्या वकिलांकडून हे सगळे मिळवण्यात आमचा बराच वेळ गेला, कारण आम्ही फक्त निकालाची प्रत जपून ठेवली होती. आपण ही संचिका आत्ताच ताब्यात घ्यावी. जुनेच वकील पुढे ठेवायचे नसतील, तर त्यांच्याकडून ना हरकतही घ्यावी.

दुसरी गोष्ट खर्चाची. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार महिला तसेच अनुसूचित जाती आणि जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेत मिळतो. आईला उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडून वकील मिळाले आणि त्यांनी काम मनापासून केले, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण मोफतचा वकील म्हणजे दुय्यम काम हा समज आमच्याही घरात होता. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली असून सैनिक मंडळांच्या कार्यालयांतून कायदेविषयक मदत मिळावी असा तिचा उद्देश आहे. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात याविषयी चौकशी करावी.

सातारा जिल्ह्यातील मंडळींसाठी आणखी एक बदल झाला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. आपली याचिका कोल्हापूरला दाखल होईल की मुंबईला, हे दाखल करण्यापूर्वीच वकिलांमार्फत निबंधकांच्या कार्यालयातून पक्के करून घ्यावे. वडिलांना प्रत्येक तारखेला हजर राहण्याची गरज नसते, तरी त्यांना एखाद्या वेळी यायचे झाले तर कोरेगावहून कोल्हापूरचा प्रवास त्यांना मानवेल.

कोरेगावकर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. निकालाचा शेवटचा परिच्छेद वाचला. वकिलांनी अपिलाची परवानगी तोंडी मागितली होती, सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा नसल्याने ती नाकारण्यात येत आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आम्हाला याची कल्पनाच नव्हती.

सुभेदार साहेब, एएफएमएसएफ-१६ मूळ अर्जाला जोडलेला आहे आणि त्यात कुपवाड्याच्या दोन वर्षांसमोर ‘एफ’ असेच लिहिले आहे. बोर्डाच्या मताच्या रकान्यात मात्र ‘शांतता क्षेत्रात सुरुवात, सेवेशी संबंध नाही’ एवढेच शब्द आहेत. डिस्चार्ज बुक घरी सापडले, पण ते अर्जाला जोडलेले नव्हते. पर्यायी काम उपलब्ध नसल्यामुळे सेवामुक्त, असे कारण त्यात आहे.

आता न्यायाधिकरणाकडेच फेरविचाराचा अर्ज करावा, की सरळ उच्च न्यायालयात जावे? आणि दावा मान्य झाला तर वडिलांना साधारण काय मिळू शकेल?

वकील, पुणे

तोंडी परवानगी निकालाच्याच दिवशी नाकारली गेली असल्याने सर्वोच्च न्यायालयाकडे परवानगी मागण्याचे ३० दिवस त्या दिवसापासून मोजले जातील आणि ते आता संपले आहेत. कलम ३२ खाली ही मुदत वाढवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला आहे, त्यामुळे तो मार्ग पूर्णपणे बंद झालेला नाही. तरीही माझे स्पष्ट मत असे की आपले प्रकरण उच्च न्यायालयाचे आहे. कायदा सर्वोच्च न्यायालयाने यापूर्वीच ठरवून दिलेला आहे, तो आपल्या वडिलांच्या तथ्यांना लावला गेला नाही, एवढीच आपली तक्रार आहे. अशा तक्रारीत सार्वजनिक महत्त्वाचा मुद्दा दाखवणे अवघड जाते. ठरलेला कायदा डावलला गेल्याचे दाखवणे मात्र रिट याचिकेत उत्तम प्रकारे साधते.

फेरविचाराविषयी. न्यायाधिकरणाच्या २००८ च्या कार्यपद्धती नियमांतील नियम १८ प्रमाणे निकालाची प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो, म्हणजे आपली ही मुदत अजून शिल्लक आहे. पुनर्विलोकन म्हणजे अपील नव्हे. बोर्डाच्या मताला न्यायाधिकरणाने चुकीचे महत्त्व दिले, हा युक्तिवाद तेथे चालणार नाही. परंतु मुदत पूर्ण करून निवृत्त झाले हे वाक्य रेकॉर्डवर उघड दिसणारी चूक आहे आणि एएफएमएसएफ-१६ मधील ‘एफ’ची नोंद रेकॉर्डवर असूनही तिचा विचारच झालेला नाही. एवढ्या दोन मुद्द्यांपुरता, दोन-तीन पानांचा अर्ज करणे योग्य ठरेल. असे अर्ज बहुधा न्यायाधीशांच्या दालनात, सुनावणीविना, कागदांवरूनच निकाली निघतात, तेव्हा फार आशा बाळगू नये. मी तो सुचवतो आहे तो दुसऱ्या कारणासाठी. डिस्चार्ज बुक मूळ अर्जाला जोडलेले नव्हते आणि उच्च न्यायालय सहसा न्यायाधिकरणासमोर असलेल्या कागदांवरच निर्णय देते. पुनर्विलोकनाच्या निमित्ताने ते न्यायाधिकरणासमोर ठेवले, तर पुढे रिट याचिकेत ‘हा कागद नवा आहे’ असा आक्षेप सरकारला घेता येणार नाही. इतक्या वर्षांनंतर तो आता का सादर होत आहे, हे अर्जात प्रामाणिकपणे लिहावे.

त्याच वेळी रिट याचिकेचा मसुदा तयार ठेवावा. रिट याचिकेला ठरावीक मुदत नसली तरी अवाजवी उशीर झाल्यास उच्च न्यायालय त्याच कारणावरून ती फेटाळू शकते, आणि ज्या प्रकरणात विलंबाचा मुद्दा आधीच वादग्रस्त आहे तेथे नव्या विलंबाची भर पडू देणे धोक्याचे आहे. पुनर्विलोकनाचा निर्णय आला की लगेच, आणि तो रेंगाळला तर त्याची वाट न पाहता, याचिका दाखल करावी. प्रतिवादी म्हणून संरक्षण मंत्रालयाच्या सचिवांमार्फत भारत सरकार, लष्करप्रमुख, संबंधित रेकॉर्ड ऑफिसचे प्रमुख अधिकारी आणि प्रयागराजचे संरक्षण लेखा प्रधान नियंत्रक (पेन्शन) हे असावेत. शेवटचे नाव विसरू नये, कारण पेन्शनचा आदेश प्रत्यक्षात त्यांच्याकडून निघतो आणि तो निघाला नाही तर जिंकलेला निकालही कागदावरच राहतो.

सुभेदार साहेबांनी चौथ्या नियमाविषयी लिहिले ते अगदी अचूक आहे. त्याचा उपयोग दोन ठिकाणी होईल. एक तर न्यायाधिकरणाने वडिलांना मुदत पूर्ण केलेले निवृत्त सैनिक मानले, तो पायाच त्यामुळे निघून जातो. दुसरा उपयोग रकमेच्या वेळी होतो. सरकारच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रानुसार वैद्यकीय कारणावरून बाहेर पडलेल्यांचे ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० टक्के धरले जाते. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालात ठरवले, म्हणून या मुद्द्यावर आता कोणत्याही बाजूने अडचण येऊ नये. वडिलांचे ३० टक्के हे ५० टक्के धरले जावेत, अशी स्वतंत्र मागणी याचिकेत असू द्या. न मागितलेले न्यायालय सहसा देत नाही.

१०० टक्के अपंगत्वासाठी अपंगत्वाचा घटक शेवटच्या गणनीय (पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या) वेतनाच्या ३० टक्के असतो, त्यामुळे ५० टक्के धरल्यास तो १५ टक्के होईल. वेळोवेळी झालेल्या पेन्शन सुधारणांचा लाभ त्यावर मिळतो. थकबाकी मूळ अर्जाच्या तारखेआधीच्या तीन वर्षांपासून, म्हणजे २०१८ पासून मागावी. मूळ अर्ज २०२१ चा आहे, म्हणून ही तीन वर्षे त्या अर्जापासून मोजायची, रिट याचिकेपासून नव्हे, हे याचिकेच्या प्रार्थनेत, म्हणजे मागणीच्या भागात, तारीख घालून स्पष्ट लिहावे.

उच्च न्यायालय निकाल रद्द करून प्रकरण फेरसुनावणीसाठी न्यायाधिकरणाकडे परत पाठवण्याचीही शक्यता असते. वडिलांच्या वयाचा आणि प्रकृतीचा उल्लेख करून, सर्व कागद रेकॉर्डवर असल्याने उच्च न्यायालयानेच अंतिम निर्णय द्यावा, अशी विनंती याचिकेत पहिल्यापासून करावी आणि लवकर सुनावणीसाठी वैद्यकीय प्रमाणपत्रासह वेगळा अर्ज द्यावा. संचिका हाती आली की बोर्डाच्या मताचे पान आणि ‘एफ’ची नोंद असलेले पान याचिकेच्या अगदी सुरुवातीच्या जोडपत्रांत लावायला वकिलांना सांगा.